घर हेच ज्यांचे सेवाक्षेत्र : कै. लक्ष्मीबाई टिळक

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार, तिच्यात प्रत्येक सभासद बाईने काही ना काही लिहून द्यायचे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या पोटात गोळाच उठला. मी काही लेखिका नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे लग्न झाले आणि पाटी सुटली ती सुटलीच. किराण्याची यादी आणि माहेरची ख्यालीखुशाली, यापलीकडे माझी लेखणी कधी गेली नाही. लोणच्याची कृती लिहून द्यावी आणि मोकळे व्हावे, असेच मनात होते. परंतु गेले कित्येक दिवस ज्या बाईंचे चरित्र माझ्या मनात घोळत आहे, त्या तर शाळेची पायरीसुद्धा चढल्या नव्हत्या. हे आठवले आणि धीर आला. म्हणून हे चार शब्द. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

त्या बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. लोकमान्यांच्या घरच्या नव्हेत. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. त्यांचे स्मृतिचित्रे हे पुस्तक माझ्या हाती कसे आले, ते आधी सांगितले पाहिजे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आमच्या सासूबाईंना साखरेचा आजार. एकदा त्यांच्या पायाला काटा लागून जखम चिघळली. त्या वेळी गावात एक सरकारी नर्सबाई होत्या. धर्माने ख्रिस्ती. सकाळचे आपले काम आटोपून त्या रोज आमच्याकडे येत आणि जखम धुऊन पट्टी बांधून देत. सासूबाई ओरडत, कधी वेडेवाकडे बोलत. पण त्या कधी रागावल्या नाहीत. दीड महिना हा क्रम चालला. पाय वाचला. बदली होऊन जाताना त्यांनी हे पुस्तक मला दिले आणि वाचून पाहा, एवढेच सांगितले. इतक्या दिवसांत आपल्या धर्माबद्दल एक शब्द त्यांनी काढला नव्हता. पुस्तक जाडजूड पाहून मी ते फडताळात ठेवून दिले. पुढे एका पावसाळ्यात हाती घेतले, आणि मग भाकरी करपली तरी खाली ठेववेना.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूर गावचा. गाव गोदावरीच्या काठी. तेच गंगेचे पाणी पुढे वाहत आपल्या जिल्ह्यात गंगाखेडला येते. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घर कर्मठ ब्राह्मणाचे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रज सरकारने फाशी दिले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच लागले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही. मीठ-साखरसुद्धा त्यातून सुटली नाही. घरातल्या बायकामुलांचा जीव या धुण्यापुसण्यातच मेटाकुटीला येई. अशा घरात ही मुलगी वाढली. विटाळ म्हणजे काय, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळले होते.

अकराव्या वर्षी लग्न झाले. नवरा नारायण वामन टिळक, जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. बुद्धी तीक्ष्ण, कवित्व जन्मजात, पण संसाराला अगदी निराळा माणूस. मनात आले की घर सोडून निघायचे. कोठे गेले, कधी येणार, कोणाला पत्ता नाही. हाती चार पैसे आले तर वाटेत भेटलेल्या गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने घरी यायचे. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तो उतरला की पश्चात्तापाने डोळ्यांत पाणी. आपल्यापैकी किती जणींना अशा नवऱ्याबरोबर संसार रेटता आला असता, देव जाणे. लक्ष्मीबाईंनी तो केला. त्याचे सगळे हाल त्यांनी पुढे लिहिले, पण असे हसत हसत की वाचणाऱ्याने रडावे की हसावे, हेच कळू नये. टिळकांनी त्यांना घरीच अक्षरे शिकवली. वाचायला येऊ लागले, लिहिणे मात्र शेवटपर्यंत अडखळतच राहिले.

१८९३ साली टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ भेटला. गोष्टी झाल्या, आणि उतरताना त्याने टिळकांना बायबलाचे पुस्तक दिले. टिळक ते वाचू लागले. येशूचे डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचे मन फिरले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

घरी बायको आणि तीन-चार वर्षांचा मुलगा दत्तू. भगिनींनो, त्या काळी नवरा बाटला म्हणजे बाईचे काय होत असेल, याची कल्पना करून पाहा. ना सवाष्ण, ना विधवा. लक्ष्मीबाईंनी जिवाचे काही बरेवाईट करून घेऊ नये म्हणून आप्तांना त्यांच्यावर नजर ठेवावी लागली. चार-पाच वर्षे त्या मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यांतले काही दिवस पंढरपुरात काढले. पुढे धीर करून त्या नगरला टिळकांकडे गेल्या. पण गेल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊन. आपले पाणी आपण भरायचे, आपले अन्न आपण शिजवायचे, नवऱ्याचा धर्म नवऱ्याला. टिळकांनी यात कधी बळजबरी केली नाही. एके काळचा तो रागीट माणूस आता बायकोचे सोवळे निमूटपणे सांभाळत होता. माझ्या मते लक्ष्मीबाईंच्या मनावर कोणत्याही उपदेशापेक्षा याचाच परिणाम जास्त झाला असावा. नव्या धर्माने नवरा बदलला की नाही, हे बायकोइतके कोणाला कळणार?

आता जी गोष्ट सांगणार आहे, तिथे माझे वाचन आठ दिवस अडून बसले होते.

एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात विचार सुरू झाला की, ही जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांत निरनिराळ्या जाती आहेत, त्या पाहताक्षणी ओळखू येतात. माणसांत देवाने पाहता येईल असा फरक केला तो पुरुष आणि बाई एवढाच. मग बाकीचे भेद माणसाच्या हातचे. हे मनाला पटले, आणि ज्या बाईचे बाळपण मीठ धुण्यात गेले, तिने कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे ठरवून टाकले. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्याही नव्हत्या. आधी मनातला विटाळ गेला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

हे वाचले आणि मला फडताळातला एक कप दिसू लागला. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, कान तुटलेला. नर्सबाई आमच्याकडे येत तेव्हा मी त्यांना चहा देत असे, तो त्या कपात. तो कप इतर कपांबरोबर विसळला जात नसे. सासूबाईंनी सांगितले म्हणून मी तसे करीत होते, असे म्हणता येईल. पण ते खरे नाही. मला स्वतःलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. ज्या हातांनी आमच्या घरातला पू धुतला, त्या हातांना आम्ही निराळा कप दिला. त्यांच्या ते ध्यानात आले नसेल, असे कसे म्हणू? दीड महिना रोज तोच कप! तरी त्या आल्या, खाली बसल्या, चहा घेतला, आणि जाताना हे पुस्तक देऊन गेल्या. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. आज सांगितले, मन हलके झाले.

पुढचे चरित्र सांगते.

बाप्तिस्मा झाला म्हणून लक्ष्मीबाई काही व्याख्याने देत फिरू लागल्या नाहीत. ते दिवस मोठ्या दुष्काळाचे होते. जुनी माणसे ज्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, तोच. नगर भागात आईबाप मेलेली मुले वाऱ्यावर पडली होती. टिळकांच्या घरी अशी परकी मुले येऊन राहू लागली. घरात पैशाची नेहमीच ओढ. तरी या मुलांच्या डोक्यांतल्या उवा काढणे, खरूज धुणे, त्यांना जेवू घालणे, हे लक्ष्मीबाईंचे काम झाले. पुढे नगरला प्लेगची साथ आली. लोक घरे सोडून रानात पळत होते. सख्खा भाऊ भावाजवळ जात नव्हता. अशा वेळी छावणीत राहून लक्ष्मीबाईंनी आजारी मुलींची शुश्रूषा केली. रोग्याला कसे हाताळावे, हे त्या तिथेच काम करता करता शिकल्या.

त्यांच्या घराचे दार सगळ्यांना उघडे असे. आपण शाळेत ज्यांच्या कविता शिकलो, ते बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले होते. ते ख्रिस्ती नव्हते आणि त्यांना कोणी ख्रिस्ती व्हायला लावलेही नाही. लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखे वागवले. बालकवी १९१८ साली ऐन तारुण्यात गेले, तेव्हा त्या घराने आपलेच मूल गेल्यासारखा शोक केला असेल.

इथे टिळकांच्या कामाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ते नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम करीत. उपदेशक तयार करणाऱ्या शाळेत शिकवत, आणि पुढे ज्ञानोदय पत्राची मराठी बाजू सांभाळत. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. त्या काळी ख्रिस्ती देवळांत गाणी होती, पण त्यांतली पुष्कळशी इंग्रजी गाण्यांवरून केलेली आणि चालीही तिकडच्याच. गावातल्या माणसाच्या तोंडी ती बसत नसत. टिळकांनी आपल्या अभंगाच्या, पदांच्या वळणाची शेकडो भजने रचली. टाळ आले, कीर्तन आले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण येशूच्या पायापाशी आलो, असे ते मानत. त्यांची गीते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती देवळांत आजही म्हटली जातात. अडाणी बाईला मोठा ग्रंथ वाचता येत नाही. पण भजन पाठ होते, आणि दळताना, निवडताना, मूल झोपवताना ते तोंडात राहते. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईने जात्यावर बसून विठ्ठल गाइला, हे आपल्याला सांगायला नको.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. सातारा येथे त्यांनी देवाचा दरबार नावाची मंडळी सुरू केली. तिच्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. अट एकच, येशूचा शिष्य म्हणून जगायचे. पगार कोणालाच नाही. त्यामागचा विचार मला समजला तो असा. धर्म सांगणे हे पगारी उपदेशकाचे काम, आणि आपण फक्त रविवारी बाकावर बसून ऐकायचे, अशी साध्या माणसांची समजूत होऊन बसते. टिळकांना ती मोडायची होती. शेतकऱ्याने शेतात, मास्तराने शाळेत, बाईने घरात असे वागावे की त्या वागण्यातच त्याचा धर्म शेजाऱ्याला दिसावा. परंतु टिळकांचे आयुष्यच सरत आले होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईला त्यांचे देहावसान झाले. दरबारही पुढे फार दिवस टिकला नाही.

मला विचाराल तर तो दरबार टिळकांच्या घरात त्याआधीच वीस वर्षे भरत होता. तिथे दुष्काळातली पोरे होती, कवी होते, वाट चुकलेले पाहुणे होते, आणि चुलीपाशी लक्ष्मीबाई होत्या. त्यांची तयारी कोणत्या शाळेत झाली? नवऱ्याजवळ त्या अक्षरे शिकल्या, दुष्काळात परक्याचे मूल पोटाशी धरायला शिकल्या, प्लेगात रोग्याची सेवा शिकल्या, आणि पदे-भजने ऐकता ऐकता स्वतः रचायला शिकल्या. जे शिकल्या ते त्याच दिवशी कामाला लावले. पुढे तर त्या कीर्तनालाही उभ्या राहू लागल्या.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. पण त्या हातपाय गाळून बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख करण्याची नोकरी त्यांनी धरली. काही काळ कराचीस राहून त्या नाशिकला आल्या. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते, त्याचे नाव ख्रिस्तायन. साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांना जोडाक्षराची धास्ती, त्यांनी पुढचे चौसष्ट अध्याय रचून ग्रंथ पुरा केला. तो छापून निघाला १९३८ साली. पाहायला त्या राहिल्या नव्हत्या.

स्मृतिचित्रे लिहिण्याचे कारणही घरगुतीच. मुलगा देवदत्त म्हणजे दत्तू, त्याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, म्हणून तो आईला आठवणी विचारू लागला. त्या आठवणींतून हे पुस्तक झाले. १९३४ पासून त्याचे भाग निघू लागले. १९३३ साली नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले होते. म्हणजे शाळेत न गेलेली बाई शिकल्यासवरल्या लेखकांची अध्यक्ष झाली! २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. पुस्तकाचा शेवटचा भाग अपुरा होता, तो देवदत्त टिळकांनी पुरा केला. पुढे पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले, विजया मेहता यांनी त्यावर चित्रपटही काढला. आणि आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत ते पहिल्या रांगेत धरतात.

त्या पुस्तकात उपदेश फार थोडा आहे. माझा धर्म चांगला, तुमचा वाईट, असे त्या म्हणत नाहीत. स्वतःच्या फजित्या सांगतात, नवऱ्याचे दोष सांगतात, सासरमाहेरची माणसे प्रेमाने आठवतात. वाचून कोणी धर्म बदलावा, असे मला म्हणायचे नाही. माझी तुळस अंगणात आहे आणि तिथेच राहील. परंतु आपण ज्या देवाला मानतो, तो आपल्या वागण्यातून शेजारणीला दिसतो की नाही, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या धर्मात आहेच. आम्ही पोथी लावतो, सप्त्याला बसतो, उपास धरतो. आणि फडताळाच्या खालच्या फळीवर एक कप निराळा ठेवतो. त्या नर्सबाईंनी आपला धर्म तोंडाने सांगितला नाही. त्यांनी जखम धुतली. लक्ष्मीबाईंनी त्याआधी शंभर वर्षे हेच केले होते.

पुस्तक वाचून झाल्यावर नर्सबाईंचा पत्ता मिळवायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्यांची पुन्हा कुठेतरी बदली झाली, एवढेच कळले. चांगल्या कपात चहा देऊन त्यांना एकदा माझ्या हाताने बसवायचे राहून गेले. तो तुटका कप मी फोडून टाकणार होते, पण ठेवला. आता त्यातून मी स्वतः सकाळचा चहा घेते. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पाहिले, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तो त्यांनी स्वतःच्या हाताने इतर कपांबरोबर विसळून पालथा घातला.

भगिनींनो, आपल्या वालूरची जुनी बारव आपण बाहेरच्या पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. तिच्या गोल गोल उतरत जाणाऱ्या पायऱ्या पाहून लोक तोंडात बोट घालतात. त्या पाण्यापर्यंत पूर्वी कोणी उतरावे आणि कोणी वर उभे राहून ओंजळ पसरावी, हे आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होते. सगळ्याच गावांत ते होते. ते दिवस कायद्याने गेले. पण आपल्या फडताळांतून ते गेले की नाही, हे कायदा येऊन पाहत नाही. ते आपले आपणच पाहायचे.

म्हणून मंडळापुढे माझे एकच मागणे आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण गावातल्या सगळ्या आळ्यांतल्या बायकांना बोलवावे. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, नर्सबाई, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांना. आणि चहा एकाच ताटातल्या कपांतून द्यावा. त्या दिवशी कप विसळायचे काम माझ्याकडे द्यावे.

एवढे बोलून माझे चार शब्द पुरे करते.